लहान मुलांची निरीक्षणशक्ती: पालक आणि बालवाडीच्या ताई नेहमी विचारतात ते प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल ज्या शंका पुन्हापुन्हा विचारल्या जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत संपली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे. मूल बघतच असतं. त्याला एका गोष्टीपाशी थांबायला वेळ हवा, दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघायची संधी हवी आणि सोबत बघणारं मोठं माणूस हवं.

निरीक्षणशक्ती म्हणजे नजर तीक्ष्ण असणं का?

नजर चांगली असणं ही फक्त सुरुवात. निरीक्षणात बरंच काही एकत्र येतं: एखाद्या गोष्टीपाशी थांबणं, तिच्यातलं काहीतरी टिपणं, ते आधी पाहिलेल्याशी ताडून बघणं, लक्षात ठेवणं आणि जमेल तसं सांगणं. एक मूल म्हणतं, "हे पान." दुसरं म्हणतं, "या पानाला कडेने दात आहेत, त्याला नाहीत." डोळे दोघांचेही सारखेच. दुसऱ्याने दोन पानं जवळ धरून पाहिली, एवढाच फरक.

कान, नाक आणि हातही यात येतात. दार लोटल्याचा आवाज आणि आपटल्याचा आवाज, पावसाआधीचा वास, उन्हातली फरशी आणि सावलीतली फरशी यांतला फरक ओळखणं हेही निरीक्षणच.

माझी मुलगी एका जागी दोन मिनिटं बसत नाही. तिचं निरीक्षण कसं वाढणार?

आपण सांगितलेल्या गोष्टीपाशी न बसणारं मूल स्वतः निवडलेल्या गोष्टीपाशी बराच वेळ रमतं. तिचं लक्ष कुठे जातं ते आधी बघा.

या वयाच्या लक्षाबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डॅनियल प्लेबॅनेक आणि व्लादिमिर स्लाउट्स्की यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. ४-५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांना पडद्यावर एकमेकींवर आलेल्या लाल आणि हिरव्या आकृत्या दाखवल्या आणि एकाच रंगाच्या आकृतीकडे लक्ष द्यायला सांगितलं. थोड्या वेळाने आकृत्या पुन्हा दाखवून विचारलं, काही बदललं का? सांगितलेल्या रंगाच्या आकृतीतला बदल मोठ्यांनी जास्त वेळा ओळखला. पण जिच्याकडे बघायला सांगितलंच नव्हतं, तिच्यातला बदल मुलांनी सुमारे ७७ टक्के वेळा ओळखला आणि मोठ्यांनी सुमारे ६३ टक्के वेळा.

या वयात लक्ष पसरलेलं असतं आणि म्हणूनच आपल्या नजरेतून सुटलेलं मुलांना दिसतं. रस्त्याने जाताना मूल मध्येच थांबलं, तर शक्य असेल तेव्हा आपणही थांबावं. रोज नाही जमणार, घाई असतेच. पण आठवड्यातून एकदा तरी असं फिरायला निघावं की कुठेच वेळेवर पोचायचं नसेल.

"फरक शोधा" च्या चित्रांत तो लगेच "दोन्ही सारखीच" म्हणतो. कमी पडतोय का?

नाही. हे या वयाचं लक्षण आहे. एलियान व्यूरपियो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६८ साली मुलांना घरांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या. घरं सारखी आहेत की वेगळी, ते खिडक्या बघून ठरवायचं होतं. मुलांचे डोळे कुठेकुठे फिरतात, तेही नोंदवलं. लहान मुलं काही खिडक्या बघून तिथेच थांबत आणि "सारखी" म्हणून मोकळी होत. मोठी मुलं मात्र एकेक खिडकी समोरच्या खिडकीशी जुळवत पुढे जात.

म्हणजे खिडकी दिसत नव्हती असं नाही. सगळ्या खिडक्या क्रमाने बघायच्या, ही रीत अजून बसलेली नव्हती. ती शिकवता येते, पण चित्रापेक्षा हातातल्या वस्तूंवर लवकर बसते. मोज्यांचा ढीग घ्या आणि जोड्या लावायला बसा. एक मोजा खाली पसरायचा, दुसरा त्याच्यावर ठेवायचा आणि टाचेपासून वरपर्यंत बोट फिरवत जायचं: टाच सारखी आहे? पट्टा? वरची किनार? चित्रंच वापरायची असतील तर तीन-चार तपशीलांची साधी चित्रं घ्या. एक बोट या चित्रावर, एक त्या चित्रावर ठेवून दोन्ही बोटं बरोबर सरकवा. आणि फरक शोधायच्या आधी सारखेपणा शोधायला सांगा, तो मुलांना लवकर सापडतो.

आम्ही त्याला प्राण्यांची, पक्ष्यांची खूप नावं शिकवतो. त्याने निरीक्षण वाढतं ना?

शब्दसंपत्ती वाढते. निरीक्षण वाढेलच असं नाही, कधीकधी नाव मिळालं की बघणं तिथेच संपतं. "तो काय आहे?" "कावळा." झालं, पुढे चला.

नावाच्या आधी किंवा नावाबरोबर गुणांचे शब्द द्या. आपल्या भाषेत त्यांची रेलचेल आहे: खरखरीत, गुळगुळीत, लवदार, खवलेदार, चपटं, टोकदार, बोथट, दातेरी, फिकट, गडद, विरळ, दाट, लिबलिबीत, ठिसूळ. "लवदार" हा शब्द माहीत झालेलं मूल पुढचं प्रत्येक पान बोटाने चाचपून बघतं, हे मी वर्गात पुन्हापुन्हा पाहिलं आहे. शब्दामुळे काय शोधायचं ते त्याला कळतं.

नवा शब्द देण्याची एक जुनी, पक्की पद्धत इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याकडून घेतली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. आधी "हे खरखरीत, हे गुळगुळीत" असं हाताला लावून सांगायचं. मग "खरखरीत कुठलं ते दे बरं" असं म्हणायचं. हे सहज जमायला लागलं की एक तुकडा हातात देऊन "हे कसं आहे?" असं विचारायचं. बहुतेक घरांत थेट तिसऱ्या पायरीने सुरुवात होते आणि मूल गप्प बसतं.

मुलांना नेमके कोणते प्रश्न विचारावेत?

ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तो प्रश्न मुलाला परीक्षेसारखा वाटतो. "हा कुठला रंग?" "किती पाय आहेत?" असे प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवा. त्याऐवजी "तुला काय दिसतंय?", "आणखी काय?", "हे कशासारखं वाटतं?", "मघाशी असंच होतं का?" असं विचारा. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजा. मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि त्या वेळात आपणच बोलून मोकळे होतो.

मुंग्यांची रांग घ्या. चार वर्षांच्या मुलाबरोबर उकिडवं बसा आणि काही न बोलता थोडा वेळ बघा. पहिलं वाक्य बहुधा "मुंग्या चालतायत" असं येतं. "हो. सगळ्या एकाच बाजूला चालतायत का?" या प्रश्नावर मूल पुन्हा वाकतं आणि काही येणाऱ्या, काही जाणाऱ्या मुंग्या त्याला दिसतात. मग समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबून मिशा एकमेकींना लावतात, हे कुणीतरी टिपतं. "त्या काय करतायत गं?" असं मूलच विचारतं. इथे माहितीचा पाट सोडायची घाई नको. "तुला काय वाटतं?" एवढं म्हणा आणि आणखी दोन मुंग्या भेटेपर्यंत बघत राहा. मग सांगा की त्या वासावरून आणि स्पर्शावरून एकमेकींना ओळखतात.

पायांची संख्या यानंतर विचारली तर तिला अर्थ येतो. चालणाऱ्या मुंगीचे पाय मोजता येत नाहीत, हा अनुभवही मोलाचा आहे, कारण त्यातून "मग कसं मोजायचं?" हा पुढचा प्रश्न निघतो. झाकणाला भोकं असलेल्या पारदर्शक डबीत एक मुंगी थोडा वेळ ठेवली, की सहा पाय मोजता येतात आणि ते सगळे शरीराच्या मधल्या भागालाच जोडलेले आहेत, हेही दिसतं. बघून झाल्यावर मुंगी जिथून घेतली तिथेच सोडायची. हे न चुकता करा.

त्याने मुंगीला चारच पाय काढले. चूक दाखवायची का?

चित्रावर खूण करू नका. "चल, परत बघून येऊ" म्हणा आणि चित्र हातात घेऊनच मुंगीकडे जा. मूल स्वतः दोन पाय वाढवतं. नाही वाढवले तरी बिघडत नाही.

चित्र हा निरीक्षणाचा पुरावा मानू नका. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तेव्हा डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात, धड नसतंच. पण त्याच मुलाला "तुझं पोट कुठंय?" विचारलं तर ते बरोबर दाखवतं. दिसणं आणि कागदावर उतरवता येणं यांत या वयात मोठं अंतर असतं. म्हणून चित्राबरोबर मुलाचे शब्द लिहून घ्या, ते सांगेल तसे, आपली भाषा न घालता.

खरी वस्तू दाखवावी की पुस्तकातलं चित्र चालेल?

दोन्ही, पण आधी खरी वस्तू. चित्र किंवा छोटी प्रतिकृती म्हणजे दुसऱ्या कशाची तरी खूण आहे, ही समज हळूहळू येते. ज्युडी डीलोच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली मुलांना खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत एक खेळणं लपवताना दाखवलं आणि मोठ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या मुलांना ते सहज जमलं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. सहाच महिन्यांचं अंतर!

चित्रातली गोगलगाय केवढी, ओली की कोरडी, चालताना मागे काय राहतं, हे चित्र सांगत नाही. खरी गोगलगाय काचेवर ठेवून खालून बघितली तर तिच्या पायाच्या तळव्यावरून लाटा सरकताना दिसतात. वरच्या लांब शिंगांच्या टोकांना डोळे असतात, आणि समोर काही आलं की ती शिंगं आत ओढून घेते. एकदा हे पाहिलं की पुस्तकातल्या चित्रापाशीही मूल जास्त वेळ थांबतं. गोगलगायीला हात लावल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका.

वेगळा वेळ काढणं शक्य नाही. घरकामात काय करता येईल?

डबे आणि झाकणं जुळवायला द्या. धुतलेले कपडे कुणाचे ते ओळखायला द्या. बटणं आकाराने, छिद्रांनी, रंगाने वेगवेगळी करायला द्या, आणि एकदा एका पद्धतीने झाली की "आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करता येतील?" असं विचारा. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की साधारण सात वर्षांपर्यंत मुलं एका वेळी एकाच गुणाला धरून बसतात: उंच पेल्यात ओतलेलं पाणी त्यांना "जास्त" वाटतं, कारण उंची दिसते आणि रुंदी सुटते. तीच बटणं पुन्हा नव्या पद्धतीने लावताना दुसऱ्या गुणाकडेही नजर जाते.

सावलीचा खेळ सुट्टीच्या दिवशी जरूर करा. सकाळी मुलाला अंगणात किंवा गच्चीवर उभं करून पायांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ काढा. दुपारी पावलं त्याच खुणांवर ठेवायची, संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या वेळेआधी "आता सावली कुठे पडेल?" असं विचारून मुलालाच एक दगड ठेवायला सांगा. दगड चुकीच्या जागी पडला तर मूल जास्त बारकाईने बघतं.

दिवसा आकाशात चंद्र दिसतो, हे बऱ्याच मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. मुलांच्या येतं. त्यांनी दाखवला तर वर बघा.

घरी खेळता येतील असे काही खेळ सांगा. साहित्य विकत घ्यावं का?

मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांची पहिली शाळा, म्हणजे "बालगृह", सुरू केली, तेव्हापासून इंद्रियांच्या शिक्षणाची साधनं जगभर वापरली जातात. त्यांतल्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा आणि मोठा १० सेंटिमीटरचा. रंग, लाकूड, आकार सगळं एकच, बदलतं फक्त माप. या साधनांतली खरी खुबी हीच: एका वेळी एकच गुण बदलायचा. एवढं ध्यानात ठेवलं तर घरच्या वस्तूंतूनही काम होतं. सारख्या दिसणाऱ्या अपारदर्शक डब्यांत वाळू, खडे, बटणं भरून दोन-दोन डबे सारखे करा आणि आवाजावरून जोडी लावायला सांगा. पिशवीत हात घालून न बघता वस्तू ओळखायला द्या. कापडाखाली चार वस्तू ठेवून एक काढून घ्या आणि "कोण गेलं?" असं विचारा, चार जमल्या की पाच, मग सहा. मुलानेही वस्तू लपवावी आणि आपण ओळखावी. आपण हरलो की मुलांचा आनंद बघण्यासारखा असतो.

एक सावधगिरी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटणं, मणी, खडे वापरूच नका. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत ३.१७ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात मावणारी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

भिंग द्यावं का?

जरूर द्यावं, काचेऐवजी प्लॅस्टिकचं. ते डोळ्याजवळ धरून वस्तू जवळ आणायची, हे दाखवून द्या. भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा आणि भिंग उन्हात टाकून ठेवू नका, त्याने आग लागू शकते.

मोबाइलवरच्या निरीक्षणाच्या खेळांनी फायदा होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं बरं. माझं मत याहून थोडं कडक आहे: निरीक्षणासाठी या वयात ॲपची गरजच नाही. स्क्रीनवर काय बघायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं, वस्तू उलटून मागून बघता येत नाही, आणि बरोबर बोट लागलं की लगेच टाळ्या वाजतात. मुंगी टाळ्या वाजवत नाही. तिच्यासाठी वाट बघावी लागते आणि ती वाट बघणंच शिकायचं असतं.

वर्गाच्या भिंती चित्रांनी भरल्या तर मुलांना जास्त बघायला मिळेल ना?

उलट होण्याची शक्यता आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना खूप सजवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही वर्गांत धडे दिले. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि त्यांचं शिकणंही कमी झालं. मोकळ्या भिंतीपुढे एक छोटं टेबल ठेवा. त्यावर एका वेळी दोन-तीनच वस्तू: एखादं पीस, सालीचा तुकडा, रिकामं घरटं. आठवड्याने बदला, आणि मुलांनी आणलेल्या वस्तूंना आधी जागा द्या.

मुलगा चार वर्षांचा झाला, अजून रंग ओळखत नाही.

ओळखत नाही की नाव सांगू शकत नाही, हे आधी बघा. हातात निळा ठोकळा देऊन "असाच दुसरा शोध" म्हणा. जोडी बरोबर लागत असेल तर रंग दिसतोय, नाव यायचं आहे. चार्ल्स डार्विनलाही आपल्या मुलांबद्दल हीच शंका आली होती. वस्तूंची नावं येत असूनही त्यांना रंगांची नावं सांगता येईनात, तेव्हा ती रंगांध आहेत की काय असं त्याला वाटलं. पुढे ती शंका खोटी ठरली.

लाल-हिरव्या जोड्याच वारंवार चुकत असतील, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रंगांधळेपणा मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. त्याने निरीक्षण अडत नाही, फक्त शिकवताना रंगापेक्षा आकार आणि पोत यांवर भर द्यायचा.

डॉक्टरांकडे आणखी कधी जावं?

मूल वस्तू अगदी नाकाजवळ धरत असेल, मान एका बाजूला कलती करून किंवा एक डोळा मिटून बघत असेल, डोळा तिरळा दिसत असेल, तर थांबू नका. एका डोळ्याची नजर मंदावलेली असली तरी मुलाला ते सांगता येत नाही, कारण त्याला वेगळं कसं दिसतं हे माहीतच नसतं. या मंद नजरेवर सात वर्षांच्या आत उपचार झाले तर जास्त गुण येतो. तसंच, दीड वर्षाचं मूल आवडलेली गोष्ट बोटाने दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

ती रोज तेच झाड, तेच कोळ्याचं जाळं बघायला नेते. कंटाळा येतो. नवीन काही दाखवू का?

तिला नेऊ द्या. बदल टिपायचा तर तीच गोष्ट पुन्हा बघावी लागते. हवं तर सोबत घेवड्याचा एक दाणा ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. रोज उघडायचा आणि बघायचा. साल सुरकुतते, फुगते, फाटते आणि आधी मूळ बाहेर येतं. आधी पान येईल असं बहुतेक मुलांना वाटतं, त्यामुळे त्या दिवशी घरात मोठा गलबला होतो.

प्रगती होतेय हे कसं ओळखायचं?

चाचणी घेऊ नका. मुलाच्या बोलण्यात "काल" आणि "आज" एकत्र यायला लागतात का, ते ऐका: "काल एवढंच होतं, आज मोठं झालं." न विचारता तुलना करतं का? "थांब, परत बघू दे" म्हणतं का? स्वतःचं आधीचं म्हणणं बदलतं का? शेवटची खूण मला सगळ्यात मोलाची वाटते.

एक वही ठेवा. तारीख, काय बघत होतं आणि मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. "पानाला शिरा आहेत" असं आपलं वाक्य लिहू नका, ते "पानाला रस्ते आहेत" म्हणालं असेल तर तेच लिहा. घरी आठवड्याला दोन नोंदी पुरतात. वर्गात तीस मुलं असतील तर सगळ्यांचं रोज लिहिणं कुणालाच जमणार नाही. रोज चार-पाच मुलं ठरवून घ्या, त्यांच्याकडे जरा जास्त कान द्या, म्हणजे साधारण दीड आठवड्यात प्रत्येकाची एक तरी नोंद होते.